छीतरमलची लांब पटाशी

१

गुलाब जागेवर नव्हता.

त्याच्या जागी वाटीच्या तोंडाएवढं भोक होतं आणि मी, सरोजिनी पेंढारकर, फिरायला जायची काठी हातात धरून त्या भोकाकडे बघत उभी होते. सकाळचे सहा वाजले होते. कारखान्यातला दिवा जळताना दिसला म्हणून मी आत डोकावले होते, दुसरं काही कारण नाही. आमच्याकडे दिवे जाळून ठेवायची फार वाईट खोड आहे.

मी घाबरले नाही. एकतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली आहेत. आपोआप पेटलेली गोदामं, चोरीला गेलेले आणि मग मेव्हण्याच्या गोठ्यात सापडलेले ट्रॅक्टर, सगळं बघून झालंय. पण त्या वाद्यावर दोन वर्षं गेली होती आणि ते विकत घ्यायच्या आधी बघायला त्याच दिवशी चार वाजता जर्मनीहून बाई येणार होत्या.

वाद्याचं नाव हार्पसिकॉर्ड. माझ्या भाच्यानं, राजननं, मला तीनदा समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दिसायला पियानोचा सडपातळ भाऊ. पियानोत हातोडी तारेवर पडते. ह्यात पट्टी दाबली की पिसाचं टोक तार छेडतं. तारांखाली पातळ लाकडाची फळी असते, तिला साउंडबोर्ड म्हणतात. त्या फळीत एक गोल जाळी चिकटवतात. तिला सगळे गुलाबच म्हणतात. आमचा गुलाब पितळेचा होता, सोन्याचा मुलामा दिलेला, मधोमध राजनची आद्याक्षरं. भोवती फळीवर रंगवलेली फुलं. तारा तेवढ्या चढायच्या राहिल्या होत्या.

राजन चार वर्षं जर्मनीत हे काम शिकून आला आणि हँबर्गच्या अठराव्या शतकातल्या एका वाद्याचा नकाशा घेऊन जयपुरात, विद्याधर नगरातल्या ह्या बंगल्याच्या मागे, कारखाना काढून बसला. लोक हसले. "लकड़ी के ऊंट बनाओ भाईसाब, ऊंट बिकेगा," असंही कुणी म्हणालं. मी मात्र साताऱ्याचं घर बंद करून इथे राहायला आले, कारण मला हट्टी माणसं आवडतात.

साउंडबोर्डावर ओरखडा नव्हता. फुलं जशीच्या तशी. शेगडीवर सरसाचं भांडं होतं, त्याला हात लावला तर गरम. मागच्या गल्लीकडचं शटर अर्धवट वर होतं.

"आत्या? काय झालं?" राजन घरातून येणाऱ्या दारात उभा होता. पायजमा, स्वेटर आणि पायात कारखान्याचे बूट.

मी भोकाकडे बोट केलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि अशी बोंब ठोकली की गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या.

"चोरी! आत्या, चोरी झाली! शटरची किल्ली तिघांकडेच आहे. माझ्याकडे, तन्मयकडे आणि त्या छीतरमलकडे!"

काल संध्याकाळपर्यंत तो 'छीतरजी' म्हणायचा.

२

छीतरमल जांगिड नऊला आले. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, सायकलला डबा अडकवलेला. तोपर्यंत गल्लीतली दहा-बारा माणसं दाराशी जमली होती. गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलातून तन्मयही येऊन पोचला होता. हा आमचा दुसरा कारागीर. अठ्ठावीस वर्षांचा, कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला. साउंडबोर्डावरची फुलं त्यानंच काढली होती.

आदल्या दिवशी कारखाना बंद होता. माघातली तेरस, विश्वकर्मा जयंती, जांगिड सुतारांचा वर्षातला मोठा सण. छीतरजींनी सकाळी येऊन आपली सगळी हत्यारं लाल कापडावर मांडली होती, प्रत्येक पात्याला टिळा आणि मुठीला मोली, म्हणजे तो लाल-पिवळा दोरा. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही हात जोडल्याशिवाय नाही. दुपारी प्रसाद वाटून ते घरी गेले होते.

आता ती हत्यारं तशीच ओळीत होती. मी वाकून बघितली. अठरा पटाश्या, तीन रंधे, करवती. प्रत्येकावर टिळा, एकही दोरा तुटलेला नाही.

"बघ राजन," मी म्हटलं, "ह्यांच्या हत्याराला कुणी हात लावलेला नाही."

"टिळ्याचं काय, आत्या? परत लावता येतो!" राजन फणकारला. "हत्यारांची पेटी उघडा छीतरमल. सगळ्यांसमोर."

छीतरजींनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "खोल दो. ताला कभी लगाया नहीं."

राजननं पेटी उघडली. सुतळी, पेन्सिली, बिडीचं बंडल आणि तळाशी मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते उलगडलं.

गुलाब होता. चकचकीत, एक पाकळी वाकलेली नाही.

दाराशी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "हे राम, बुढापे में..." छीतरजींचा चेहरा मातीचा झाला. पण मान खाली गेली नाही, हे मी स्वतः पाहिलं.

"बुआजी," ते मला म्हणाले, "चालीस साल से लकड़ी चीर रहा हूँ. आज तक किसी की कील घर नहीं ले गया. पुलिस बुलाओ. मैं यहीं बैठा हूँ, भागूंगा नहीं."

आणि ते खरोखरच दारात मांडी घालून बसले.

"पोलीस कशाला?" राजन घाईनं म्हणाला. "गुलाब मिळाला ना, तो बसवू. ह्यांना फक्त जायला सांगा. कायमचं."

माझं डोकंच सणकलं. चाळीस वर्षांच्या इभ्रतीचा निकाल ह्यानं पाच मिनिटांत लावला होता, आणि वर उपकाराची भाषा!

"कुणी कुठे जाणार नाही," मी काठी आपटली. "गुलाबाला कुणी हात लावायचा नाही. चार वाजेपर्यंतचा वेळ माझा."

"आत्या, हे तुमचं विम्याचं प्रकरण नाही."

"नाहीच. विम्यात निदान दोन्ही बाजू ऐकतात!"

३

पहिला तन्मय. त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. गेल्याच आठवड्यात त्याचं राजनशी कडाक्याचं वाजलं होतं. त्याला स्वतःचा कारखाना काढायचा होता.

"आत्याजी, मतलब, मी कशाला करू?" त्याचं मराठी जयपुरात वाढलेलं, अडखळत चालणारं. "मला भांडायचं तर तोंडावर भांडतो. काल रात्री आठपासून मी हॉस्टेललाच होतो, चौकीदार भैयानं गेट बंद केलं ते सकाळीच उघडलं. विचारा त्याला."

विचारलं. फोनवर भैयानं सांगितलं की हो, हे साहेब रात्रभर कॅरम खेळून सगळ्यांचं डोकं खात होते.

"एक सांग, हा गुलाब चिकटवलेला कशानं?"

"सरसानं. जुन्या पद्धतीनं. गरम पाणी लावलं की सरस सुटतो."

"मग तुझी फुलं का नाही पसरली? पाण्याचे रंग आहेत ना ते?"

तो थबकला. फुलांजवळ नाक नेऊन बराच वेळ बघत राहिला. "गोंदातले रंग आहेत. ओला बोळा फिरवला तरी उतरतात. आत्याजी, इथे पाणी लागलेलंच नाही."

"मग?"

"स्पिरिट. स्पिरिटनं सरस कोरडा पडून तडकतो आणि वस्तू टक्कन सुटते. रंगाला काही होत नाही." तो हळूच म्हणाला, "हे मला राजनसरांनी शिकवलं. छीतरजींनाही माहीत आहे."

दुसरी प्रतिमा, राजनची बायको. ती स्वयंपाकघरात पाहुण्या बाईंसाठी पुरणपोळ्या लाटत होती आणि डोळे पुसत होती.

"मी संक्रांतीपासून कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, आत्या. ती भुशाची धूळ मला सोसत नाही. हे बिचारे दोन दिवस झोपलेले नाहीत. परवा त्या फ्राउ ब्रांट बाईंचा फोन आला तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या."

"काय म्हणाल्या बाई?"

"मला तर हसूच आलं. त्या म्हणे पर्समध्ये दातांच्या डॉक्टरांचा आरसा घेऊन हिंडतात. कुठलंही वाद्य घेतलं की फटीतून आरसा आणि टॉर्च घालून आतून बघतात. तारा चढायच्या आधीच यायचं म्हणून तर इतकी घाई."

मी तिसऱ्याकडे गेले. छीतरजी दारातच होते, चहा न घेता.

"छीतरजी, खरं सांगा. गुलाबाच्या खाली, वाद्याच्या आत काय आहे?"

त्यांनी मान वळवून वाद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मेरा नाम था."

४

वर्षापूर्वी, साउंडबोर्ड बसवून वाद्याची पेटी बंद करायच्या आधी, राजननं स्वतःच त्यांच्या हातात पेन्सिल दिली होती. "लिहा छीतरजी, अर्धं काम तुमचं आहे." तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, मन मोठं होतं. छीतरजींनी तळाच्या फळीवर, गुलाबाच्या बरोबर खाली, नाव आणि गाव लिहिलं आणि ती पेटी कायमची बंद झाली. त्यांनी ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली होती.

मी त्यांना "था का म्हणालात?" असं विचारलं. ते म्हणाले, "सुबह झांका था, बुआजी. सबके झगड़े के बीच. अब नहीं है."

मी प्रतिमाचा हातातला आरसा आणि टॉर्च आणली. भोकातून उजेड टाकला. आत जुनं, पिवळसर पडलेलं लाकूड, आणि मधोमध वीतभर लांबीचा एक पांढराफटक, ताजा तासलेला पट्टा. कडेला एक 'ड' अर्धवट उरला होता.

मग मी तिथेच स्टुलावर बसले आणि दाव्याचे कागद तपासायची तशी एकेक गोष्ट तपासली. गुलाब हा चोराचा माल नव्हताच. तो काढला तो आत पोचायला, नाव तासायला. भोकातून हात कोपरापर्यंत जात नाही, आणि आमच्या कारखान्यात इतक्या आत पोचेल असं एकच हत्यार आहे, छीतरजींची लांब पटाशी. त्यांच्या आजोबांची.

आणि सरसाचं भांडं? सकाळपासून सगळे धरून चालले होते की सरस सोडवायला काहीतरी तापवलं. पण सोडवायला स्पिरिट वापरलं होतं. मग सरस तापवला तो चिकटवायला! कुठला चोर गुलाब काढतो आणि तो परत बसवायला सरस वितळवत बसतो? ज्याला वाद्य चार वाजता अखंड हवं होतं, तोच. ज्यानं फुलांवर थेंब पडू दिला नाही, पितळेची पाकळी वाकू दिली नाही, गुलाब मऊ फडक्यात गुंडाळला. त्याचं काम अर्ध्यावर राहिलं, कारण सहा वाजता एक म्हातारी दिवा बंद करायला आली.

माझ्या काठीचा आवाज ऐकून त्यानं हाताला येईल त्या पेटीत गुलाब कोंबला.

कोण, ते मला कळलं होतं. पण कळणं आणि सिद्ध करणं ह्यात फरक असतो. छीतरजींनीच रागाच्या भरात आपलं नाव तासलं असं कुणी म्हटलं तर? पटाशी त्यांची, किल्ली त्यांच्याकडे, स्पिरिटची अक्कल त्यांनाही. पटाशीवर तर टिळासुद्धा जागेवर होता.

दुपारचा एक वाजला. माझ्याकडे पुरावा नव्हता.

५

जेवणात मन नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या रमावहिनी आल्या, डबा परत करायचं निमित्त, खरं कारण सकाळची बोंब. प्रतिमानं त्यांना जेमतेम वाटेला लावलं. निघताना रिवाजाप्रमाणे देवघरातला करंडा पुढे केला. आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं. रमावहिनी पदर सावरत गेल्या.

मी पाटावरून ताडकन उठले. "अगं बाई!"

"काय झालं आत्या?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. चप्पलसुद्धा न घालता कारखान्यात गेले आणि लाल कापडासमोर बसले. सतरा पटाश्यांवर रोलीचा, म्हणजे इकडच्या कुंकवाचा, लालभडक टिळा होता आणि त्यावर चिकटलेले तांदळाचे दाणे. इथली पद्धत. अठराव्या पटाशीवर, लांब पटाशीवर, तांदूळ नव्हते. तिच्यावर एक पिवळं बोट होतं आणि त्याच्या शेजारी एक लाल.

हळद-कुंकू!

सकाळी मी तीच पटाशी नाकाशी धरल्यासारखी बघितली होती आणि मला काही दिसलं नव्हतं. कसं दिसणार? जन्मभर खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांना मी तेच लावत आले. डोळ्याला सवयीचं असलं की डोळा बघतच नाही. स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली.

स्पिरिटनं आणि भुशानं टिळा पुसला गेला होता. तो परत लावायला हवा होता. घाई होती, देवघर जवळ होतं, आणि हातानं आपल्या घरची रीत केली. छीतरजी विश्वकर्म्याच्या हत्याराला हळद लावणार नाहीत. तन्मय कॅरम खेळत होता, आणि तसंही रात्री घराला कुलूप, देवघर त्याच्या आत. प्रतिमाला स्पिरिटची युक्ती ठाऊक नाही. उरला एकच, जो सकाळी सहाला बिछान्यातून धावत आला आणि ज्याच्या पायात लेस बांधलेले बूट होते.

वळले तर दारात प्रतिमा उभी. तिनं पटाशी पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं समजलं.

"आत्या," ती माझा हात धरून म्हणाली, "पाया पडते तुमच्या. घरची गोष्ट घरात राहू द्या."

"आणि छीतरजींच्या घरी काय राहणार गं? चोराचं नाव?" माझा आवाज चढला. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी नोकरीत कधी केलं नाही. आता म्हातारपणी करू?"

६

तीन वाजता मी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. सकाळी तमाशा बघायला आलेली गल्लीही बोलावली. राजन आला तो चिडूनच.

"आत्या, तासाभरात बाई येतील. गुलाब बसवायचाय!"

"बसेल. आधी ही पटाशी बघ. ह्या टिळ्यात काय चुकलंय ते सांग."

तो वाकला. त्यालाही आधी दिसलं नाही, माझ्यासारखंच. मग दिसलं. तो तसाच वाकलेला राहिला.

मी सरस, स्पिरिट, तासलेला पट्टा, बूट, सगळं ओळीनं सांगितलं.

"बाईंच्या वाद्यांच्या पुस्तिकेत छापून आलंय, आत्या," राजन शेवटी म्हणाला. "'एकाच माणसाच्या हातचं वाद्य.' मीच तसं कळवलं होतं. त्या आत बघणार म्हटल्यावर... मला फक्त नाव घालवायचं होतं. शटर स्पिरिटचा वास जावा म्हणून उघडलं होतं. गुलाब तासाभरात परत लागला असता, कुणाला कळलंही नसतं. तुम्ही आलात आणि मला काही सुचेना. मग चोर सोडून..."

"संन्याशाला फाशी. म्हण पुरी कर. आणि पेटी उघडायला लावलीस, गल्लीसमोर!"

त्यानं छीतरजींकडे बघितलं. "माफ करा छीतरजी. आत्ता बाई येतील. तेवढा गुलाब लावून द्या. तुमच्यासारखा मला लावता येणार नाही."

आणि तेव्हा सकाळपासून मांडी घालून बसलेला तो माणूस उठला. "चोर सबके सामने बोला था. सबके सामने वापस लो."

राजननं दाराशी जाऊन, गल्लीकडे तोंड करून, हिंदीत स्पष्ट सांगितलं की चोरी झालीच नव्हती, जे केलं ते मी केलं, छीतरजी निर्दोष आहेत. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली, भाचा आहे माझा. पण मी त्याला वाचवायला गेले नाही.

"अब गुलाब लगाऊंगा," छीतरजी म्हणाले. "मगर नाम अब पेट में नहीं जाएगा."

"मग कुठे?"

त्यांनी पट्ट्यांच्या वरच्या फळीवर, वाजवणाऱ्याच्या ऐन डोळ्यांसमोर, तळहात ठेवला. "यहाँ."

"छीतरजी, जुन्या वाद्यांवर तिथे फक्त..." राजन बोलता बोलता थांबला. 

"फक्त काय? बनवणाऱ्याचं नाव असतं ना तिथे?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"मग बरोबर आहे जागा."

तन्मयनं न सांगता काळा रंग कालवला, बारीक ब्रश दिला. छीतरजींनी आधी गुलाब बसवला, श्वास रोखून, अंगठ्यानं कडा दाबत. मग ब्रश घेतला. अक्षरं सुबक नव्हती, थोडी उजवीकडे चढत गेली. पण मोठी होती.

फ्राउ ब्रांट चारला पाच कमी असताना आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला पर्स. त्यांनी पुरणपोळीकडे बघितलं नाही, आमच्याकडे बघितलं नाही, सरळ वाद्यापाशी गेल्या. फुलांवर बोट न टेकवता बोट फिरवलं. पट्ट्या दाबून बघितल्या. आरसा काढला, फटीतून आत घातला, टॉर्च मारली. तासलेला पट्टा त्यांना दिसला असणार, कारण भुवया वर गेल्या. आरसा बाहेर काढून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि समोरच्या ओल्या काळ्या अक्षरांकडे बोट केलं. हे काय लिहिलंय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तन्मय पुढे सरसावला. मी त्याचा दंड धरला. "राजन सांगेल."

प्रतिमानं डोळे मिटून घेतले. राजन त्या फळीसमोर येऊन उभा राहिला. छीतरजी त्याच्याकडे बघतच नव्हते, ते बाईंकडे बघत होते, ताठ मानेनं.

"छीतरमल जांगिड, जयपूर," राजननं वाचलं. मग बाईंना इंग्रजीत सांगितलं, "ह्यांनी बनवलंय."

बाईंनी वळून छीतरजींपुढे हात केला. आणि कुणी काही विचारलेलं नसताना राजन आणखी एक वाक्य बोलला.

"मी मदत केली."